हेलिकॉप्टरकडे पाठ

आमच्या तालुक्यात सगळ्यात जास्त हेलिकॉप्टरं उतरवणाऱ्या माणसानं उभ्या नोकरीत एकही हेलिकॉप्टर उतरताना पाहिलं नव्हतं. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. पण मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आहेत (कागदोपत्री ते माझ्या हाताखाली होते), त्यामुळे मी हे शपथेवर सांगू शकतो. मंत्री येवो की पुढारी, वर घरघर सुरू झाली की मुकादम लोकांना अडवायला बांधलेल्या दोराशी जाऊन गर्दीकडे तोंड करत आणि दोन्ही हात पसरून उभे राहत. मशीन त्यांच्या पाठीमागे उतरे. अख्खं गाव आ वासून आभाळाकडे बघत असे आणि मुकादम अख्ख्या गावाकडे. “सारेच वर पाहून राह्यले त खाली कोन पाहीन?” असं ते म्हणत.

बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून मी वाशीम जिल्ह्यात रुजू झालो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, आणि पदवीचा कागद अजून चुरगळायचा होता. मुकादमांची नोकरी माझ्या वयापेक्षा मोठी. मूळचे धनजकडचे, रस्त्यावर खड्डे बुजवणारे मजूर म्हणून लागलेले आणि पुढे टोळीचे मुकादम झालेले. ताडमाड उंच, गळ्यात निळा दुपट्टा. सकाळी ऑफिसच्या दारातून “जयभीम सायेब” अशी खणखणीत हाक आली की माझी झोप खऱ्या अर्थानं उडायची. त्यांना नाव होतं, पण पगाराच्या दिवसाखेरीज ते कुणाला आठवत नसे.

पुढाऱ्याचा दौरा लागला की हेलिपॅडचं काम आमच्याकडे यायचं. मला वाटे, त्याचा नकाशा असेल, मोजमापं असतील. ती होतीही, पण फायलीत. मुकादम एक खुंटी ठोकत, तिला दोरी बांधत आणि दुसरं टोक धरून स्वतःभोवती जमीन फिरवल्यासारखे गोल फिरत. मग मध्ये चुन्याच्या फक्कीनं मोठा इंग्रजी एच. त्याआधी टँकरनं पाणी मारून जमीन दाबून घ्यायची आणि वरून शेणाचा पातळ सडा घालायचा, म्हणजे धूळ उडत नाही. सडा घालायला ते गावातल्या बायकांना बोलावत. एकदा त्या बायकांनी हौसेनं एचभोवती कमळं आणि मोर काढले. वरिष्ठ साहेब चिडले, पण मुकादम शांत. “पाव्हना वरून आला काय अन् यष्टीनं आला काय, आंगन त सारवाच लागते,” ते म्हणाले. मोर तसेच राहिले, आणि पुढाऱ्यांनी म्हणे भाषणात त्यांचं कौतुक केलं.

खुंटी ठोकण्याआधी मात्र एक विधी ठरलेला. चिमूटभर माती उचलायची, हात खांद्याएवढा वर न्यायचा आणि माती हळूच सोडायची. ती कुठे पडते ते बघायचं. वाऱ्याला विचारल्याशिवाय त्यांनी कधी खुंटी ठोकली नाही. ही सवय इतकी मुरली होती की पुतणीच्या लग्नात मांडव घालायच्या आधी आणि जेवणाच्या पंगतीला पत्रावळी मांडायच्या आधीही त्यांनी माती सोडून पाहिली होती. व्याही मंडळींना वाटलं, ही यांच्याकडची काही रीत असावी. त्यांनीही गुपचूप एकेक चिमूट सोडली.

पायलटला वाऱ्याची दिशा कळावी म्हणून खाली धूर करावा लागतो. मुकादम घमेल्यात ओला कडबा आणि कडुनिंबाचा पाला पेटवत. एका दौऱ्याला अग्निशमनच्या गाडीवर नवा ड्रायव्हर आला होता. धूर दिसला आणि गड्याला कर्तव्याची आठवण झाली. त्यानं पाइप सोडला तो थेट घमेल्यावर, आणि घमेल्यामागे हार घेऊन उभ्या असलेल्या स्वागत समितीवर. पांढरेशुभ्र कपडे अंगाला चिकटलेले, हारांतली झेंडूची फुलं चिखलात, आणि आभाळात हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय. मुकादमांनी क्षणात गळ्यातला निळा दुपट्टा काढला आणि बांबूला बांधून उभा धरला. तो फडफडला तशी दिशा कळली आणि मशीन उतरलं. तेव्हाही त्यांची पाठच होती. नंतर ते त्या ड्रायव्हरला एवढंच म्हणाले, “बाप्पा, आग इझवनं चांगलं हाय, पन आदी इचारत जा, कोनाची हाय ते.”

अशात एके वर्षी फाल्गुनात वरून धोरण आलं. तालुक्याला एक कायमस्वरूपी हेलिपॅड करायचं, काँक्रीटचं, कुंपणासह. आजाऱ्याला उचलून मोठ्या शहरात न्यायचं असेल तर तेही तिथून होईल, आणि जिल्ह्याला धावपट्टी कुठे करता येईल याचाही पुढे विचार होईल. कागदावर आमच्या भागात विमानं उतरायला लागून तशी बरीच वर्षं झाली आहेत, त्यामुळे ऑफिसात कुणी फारसं हललं नाही. मुकादम हलले. तो कागद त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, आणि आजाऱ्याचं वाक्य तिसऱ्यांदा. “पुढारी काय, मोटारीतबी येते,” ते म्हणाले. “ज्याच्यापाशी टाइम नाही त्याच्यासाठी हाय हे, सायेब.”

जागा आमच्या आधीच्या साहेबांनी ठरवून ठेवली होती. एका गावाच्या कडेला, शाळेजवळ, सपाट, रस्त्याला लागून. मी सकाळी अकराला जाऊन पाहून आलो. पानही हलत नव्हतं. मी “योग्य” असा शेरा लिहिला आणि मुकादमांना सांगितलं. त्यांनी संध्याकाळी मंगरूळपीरच्या बसस्टँडवर मला चहा पाजला आणि मग म्हणाले, “सायेब, तुमी जे जागा धरली ना, तिथं गावातल्या बाया उफनतात.”

उफणणं म्हणजे सुपातून धान्य वाऱ्यावर सोडून भुसा उडवणं. मला त्यात काय वावगं ते कळेना.

“दोन टेकड्यांच्या फटीतून तीन वाजता वारं येते तिथं,” त्यांनी समजावलं. “म्हनून त बाया तिथं येतात. मशीनले वाऱ्याकडं तोंड करून उतरा लागते. म्हंजे ते येईन शायेच्या टिनावरून अन् इजेच्या तारावरून. मागं एकडाव तिथंच उतरवलं होतं. माह्या पाठीले समजलं, डगमगून राह्यलं म्हनून. समोर दोराले लेकरंच लेकरं. मी काही बोललो नाही. कोन आयकते मुकादमाचं?”

उन्हाळ्याच्या शेवटी ते निवृत्त होणार होते. चुन्याचा एच पुढच्या पावसात धुऊन जातो, त्यामुळे आजवरची प्रत्येक चूक पाऊस पुसून टाकत असे. काँक्रीट पुसलं जाणार नव्हतं. त्यांना जाण्याआधी ही एक जागा बदलून हवी होती, आणि शेरा माझ्या सहीचा होता. मी घाबरलो हे कबूल करतो. माझा पहिलाच शेरा, तो मीच खोडायचा म्हणजे साहेबांपुढे नाक कापून घ्यायचं. मी मान खाली घालून चहा ढवळत बसलो. मुकादमांनी आग्रह केला नाही. “एकच काम करा,” ते म्हणाले. “जागा पाहाले समिती येईन तवा च्या तीन वाजता ठेवा.”

समिती आली. मी जेवण लांबवलं, दर्ग्याचं दर्शन घडवलं, आणि बरोबर पावणेतीनला सगळ्यांना जागेवर आणलं. खुर्च्या मांडलेल्या, चहाचे कप भरलेले. पलीकडे गावातल्या सखूबाई हरभऱ्याची रास घेऊन बसल्या होत्या. समितीच्या प्रमुखांनी हवेचं कौतुक केलं. तीनला दोन-तीन मिनिटं असताना मुकादमांनी चिमूटभर माती सोडली, सखूबाईंकडे पाहिलं, आणि त्या तिपाईवर चढल्या.

“सरका व माय, मंग म्हनसान सांगतलं नाही!” त्या ओरडल्या आणि सूप हलवलं.

वारा आला तो ठरल्यासारखा. हरभऱ्याचं कुटार, म्हणजे सगळा भुसा, समितीच्या डोक्यांवर, चहात, चष्म्यांवर. फायलीतला नकाशा उडाला तो शाळेच्या टिनावर जाऊन बसला आणि तिथून विजेच्या तारांना जाऊन चिकटला. प्रमुख तारांकडे बघत राहिले. मग मिशीतलं कुटार झटकत त्यांनी मला विचारलं, “हे रोज असं असतं?” माझ्याआधी सखूबाई बोलल्या, “नाही त का तुमच्यासाठी बलावलं?”

त्या क्षणी मला धीर आला. मी माझा शेरा सगळ्यांदेखत खोडला. आयुष्यात खोडलेल्या ओळींपैकी तीच एक मला अभिमानानं आठवते. जागा गावापलीकडच्या टेकाडावर गेली. ती मुकादमांनीच दाखवली होती, पण कागदावर माझं नाव लागलं. चाचणीचं हेलिकॉप्टर नीट उतरलं तरच जागा पक्की, नाही तर पुन्हा जुनीच, अशी अट पडली.

काँक्रीट वाळून चाचणीचा दिवस उगवला तोवर हिवाळा आला होता आणि मुकादम निवृत्त होऊन धनजला गेले होते. मी त्यांना निरोप धाडला. ते सकाळच्या बसनं आले, परीटघडीचे कपडे घालून. मी त्यांच्यासाठी कुंपणाच्या आत खुर्ची ठेवली होती, अगदी पुढे. ते बसले नाहीत. टेकाडाच्या मध्यावर जाऊन त्यांनी चिमूट सोडली आणि परत येऊन म्हणाले, “नाक त्या पयसाकडं करून उतरन.” मी पळसाचं ते झाड पाहून ठेवलं. वेळ मुद्दाम दुपारी तीनची मागून घेतली होती. उतरलं नाही तर शेराही माझाच आणि फजितीही माझीच.

घरघर ऐकू आली. मी वर पाहिलं, गावानं दूर कुंपणाबाहेरून वर पाहिलं, आणि मुकादमांनी सवयीनं मशीनकडे पाठ केली. दोन्ही हात पसरले. समोर गर्दी नव्हती, दोर नव्हता, कुंपणाच्या आत फक्त मी आणि दोन शिपाई. तरी ते हात पसरून आम्हाला अडवत उभे.

मी पुढे गेलो, त्यांचे खांदे धरले आणि त्यांना फिरवलं. आधी त्यांनी अंग ताठ केलं, मग सैल सोडलं. मशीन वाऱ्याला तोंड देत हळूहळू खाली आलं, कुठेही न डगमगता, आणि एचवर बरोबर मधोमध टेकलं. नाक पळसाकडे होतं. दुपट्टा त्यांच्या तोंडावर फडफडत होता, तो त्यांनी एका हातानं धरून ठेवला होता आणि डोळे उघडे ठेवले होते. पंखा थांबेपर्यंत त्यांनी पापणी हलवली नाही.

मुकादम वारले त्याला आता वर्ष होईल. माझी बदली झाली आहे. नव्या ठिकाणी खुंटी ठोकण्याआधी मी माती सोडतो, तेव्हा हाताखालची मुलं एकमेकांना खुणावतात, ते मला दिसतं. खुणावू देत.

त्या चाचणीच्या दिवशी पायलट उतरला, जागा उत्तम आहे म्हणाला, कागदावर सही झाली. मी आनंदानं वळलो तर मुकादम अजून त्या मशीनकडेच बघत होते, जरासे हिरमुसल्यासारखे.

“काय झालं, मुकादम?” मी विचारलं.

“काही नाही,” ते म्हणाले. “पाठीले लय मोठं वाटत होतं, सायेब.”