खांद्यावर एकेक फणी

पाचोऱ्याच्या मालधक्क्यावर आमची हमालांची टोळी केळीचे घड वॅगनीत भरायची. तिथंच मी पाय मोडून घेतला. कुणी ढकललं नाही. घड बसवायला खाली केळीची पानं मीच अंथरली, आणि दोन खांद्यांवर दोन घड घेऊन, बघा रे म्हणत, त्या पानांवरूनच घसरलो.

दोन महिने प्लास्टर. ते कापलं तेव्हा पाय पऱ्हाटीच्या काडीसारखा. मी ठरवलं, आता याला जपायचं. हाड म्हणजे लाकूड, वापरलं की झिजतं, अशी माझी अक्कल. म्हणून आणखी महिनाभर खाटेवर. बायको ताट हातात द्यायची अन् मी आजारी माणसासारखा कण्हत दोन भाकरी जास्त खायचो.

दवाखान्यात डॉक्टरांनी पिंडरी दाबली अन् चिडले. "पाय कपाटात ठेवला होता का? हाड कधीच जुळलंय. आता त्याच्यावर भार टाका, थोडा थोडा वाढवत. मांस ओढतं, वजन पडतं, तेव्हा हाड घट्ट होतं. नुसते लोळलात तर आणखी ठिसूळ होईल."

म्हणजे महिनाभर मी हाड जपत नव्हतो, पोखरत होतो.

तसाच मुकादम आबांकडे गेलो. टोळीची रीत अशी, की जायबंदी माणसाची जागा पोळ्यापर्यंत धरायची, मग दुसरा घ्यायचा. आबा म्हणाले, "पोळाले दीड महिना शे. एक घड मधमा न टेकता वॅगनमा नेऊन ठेव, तुनी जागा तुले. नहीतं दुसरा उभाच शे."

दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. खांद्यावरच्या पिशवीत केळ्यांची एक फणी, हातात काठी, घरापासून धक्क्यापर्यंत. पिंडरी लटलट कापायची. लोक विचारायचे, "काय रे, नैवेद्य घेऊन चालला का?" चार-पाच दिवसांनी एक फणी वाढवायची, असा नेम. पण वजन काही वाढेना. बायकोनं पिशवी बघितली. "भार कोठे गया? बठ्ठा पोटमा गया ना!" खरंच, वाटेत मीच खात होतो. तेव्हापासून ती कच्च्या हिरव्या फण्या बांधून द्यायला लागली. त्याही एकदा चावून पाहिल्या. मग सुधारलो.

तीन फण्यांवर काठी सुटली. पाचव्या फणीला पायऱ्या चढायला लागलो. रोज दुखायचं, रोज जायचो.

पोळ्याच्या दोन दिवस आधी आबांनी सगळ्यात मोठा घड निवडून खांद्यावर दिला. टोळी हात थांबवून बघत होती. वॅगनीला लावलेल्या फळीवर अर्ध्यात गुडघा थरथरला. टेकावंसं वाटलं. दात आवळले, पाय रोवला, वर गेलो. घड ठेवला आणि हसत सगळ्यांकडे वळलो, शाबासकीला.

आबा म्हणाले, "दात काय दाखवस? आखो पूरी वॅगन भरानी बाकी शे."

मी दुसरा घड आणायला खाली उतरलो.