सकाळपासूनची चुलती

पूर्णेच्या महादेवाची पूजा माझ्याकडे होती, त्या निजामी काळात माझ्या पत्नीला हिवतापाने धरले. दिवसाआड तिला हुडहुडी भरे. वैद्यांचे काढे झाले, माझी मृत्युंजयाची आवर्तने झाली. माघ लागला तेव्हा तिला भिंत धरूनही उठवेना. औषध गावातच होते. रेल्वेच्या दवाखान्यात कोयनेल मिळे. परंतु तो दवाखाना रेल्वेच्या नोकरदारांचा आणि त्यांच्या नातलगांचा. इतरांनी परभणी गाठावी, असा नियम होता. आणि आगगाडीत बसण्याइतके त्राण तिच्यात उरले नव्हते.

लोकोशेडमधला एक फिटर रोज सकाळी बेल वाहायला येई. तो चुडाव्याचा, गळ्यात इष्टलिंग धारण करणाऱ्या घराण्यातला आणि कामगारांच्या युनियनचा चिटणीस. हकीकत ऐकून तो म्हणाला, "काका, काकूला माझी चुलती म्हणून दाखवू. निम्मं पूर्णा माझं चुलतंच हाय."

"देवाच्या दारात असत्य बोलू?"

"दारात नका बोलू. दवाखान्यात बोला."

दोन दिवस मी ग्रंथ चाळले. पुत्र दत्तक घेण्याचा विधी सविस्तर आहे. पुतण्याचा कोठेही आढळला नाही. अखेर असत्य टाळण्याचा एकच मार्ग दिसला: नाते खरे करावे. तिसऱ्या दिवशी सूर्योदयाला मी शिवासमोर हातावर उदक घेतले आणि हा माझ्या भावाचा मुलगा, असा संकल्प सोडला. मला भाऊ नव्हता. त्या उणिवेबद्दल देवाची क्षमा मागितली.

पत्नीला बाजेवर घालून आम्ही दवाखान्यात नेले. कंपाउंडरने वही उघडली. "मियाँ, ये आठवी चाची. तुमारे दादा कित्ते बेटे छोडे?"

"आजोबा अजून हायेत," फिटर म्हणाला. "त्यांनाच इचारा."

डॉक्टरांनी मान वर केली. "नातं कधीपासूनचं?"

फिटर तोंड उघडणार, तोच मी उत्तरलो, "आज सूर्योदयापासूनचे."

फिटरने कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी माझ्याकडे, मग बाजेवर कुडकुडणाऱ्या रुग्णेकडे पाहिले. "या वहीत 'कधीपासून' असा रकाना नाही," ते म्हणाले. "तीन आठवड्यांचं औषध. दर आठवड्याला येऊन न्यायचं."

दुसऱ्या आठवड्यात ताप उतरू लागला, आणि चुडाव्याहून फिटरचे वृद्ध आजोबा लिंगैक्य झाल्याची वार्ता आली. पुतण्याचे आजोबा म्हणजे नात्याने माझे वडील. माझे जन्मदाते मी पाठशाळेत असतानाच निवर्तले होते. आता दुसऱ्यांदा पितृशोक झाला. मी क्षौर केले आणि दहा दिवसांचे सुतक धरले. महाशिवरात्र सहाव्या दिवशी होती.

"बाप दोनदा वारलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहते," पत्नी अंथरुणातून म्हणाली. इतके दीर्घ वाक्य तिने महिनाभरात उच्चारले नव्हते.

फिटर धावत आला. "काका, आमच्यात सुतक पाळतच न्हाईत. आमी कामावर जायलोत, अन् तुमी डोई भादरून बाहेर बसलाव."

"नाते सोयीपुरते जोडले नव्हते."

"मग सोडा संकल्प, मोडा नातं."

"आणि राहिलेले कोयनेल?"

मी नाते मोडले नाही.

पूजा बंद, त्यामुळे संध्याकाळ मोकळी. शेडजवळच्या लिंबाखाली भरणाऱ्या युनियनच्या सभेला मी प्रथमच गेलो. फिटरने गावाच्या सह्या घेण्यासाठी अर्ज लिहिला होता: दवाखाना साऱ्या गावाला खुला करावा, खर्च सरकारी खजिन्यातून व्हावा, कारण कर सारेच भरतात.

एक वयस्क ड्रायव्हर उठला. "आपली सवलत आपण कामून वाटायची? गर्दी होईल."

"सवलत फोरमनच्या हातात हाय, दादा," फिटर म्हणाला. "तुमी उद्या भांडलाव, नोकरी गेली, तर वैनी बी दवाखान्याच्या बाहेर. समद्यांचा झाला तर कुणाच्या बापाला काढून घेता येणार न्हाई."

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "महाप्रसादासाठी प्रत्येक घरातून मूठभर धान्य येते. पंगतीत वाढणारा 'तू कोणाचा' असे विचारत नाही. जेवायला नाते लागत नाही. मग तापाला का लागावे?"

"गर्दी तर पंगतीतबी होतीच," ड्रायव्हर पुटपुटला आणि खाली बसला.

महाशिवरात्रीला फिटरने दोनदा स्नान केले; तरी नखांतले काळे वंगण गेले नाही. तो आत अभिषेक करी, मी बाहेर पायरीखाली बसून मंत्र सांगे. दोनदा त्याने देवाऐवजी नंदीला स्नान घातले. इतक्यात पत्नी घरून चालत आली, भिंत न धरता. तीही सुतकातच, माझ्या शेजारी बसली.

"काका, आता काय वाहू?" आतून हाक आली.

"पुतण्याला म्हणावं, आधी तो अर्ज आण," ती मला म्हणाली. "त्याच्या सात चुलत्या अजून बाकी आहेत. एकेकीचं सुतक तुम्ही धरलंत, तर देवाला बारा महिने वंगणाचा वास येईल."

फिटर ओल्या हातांनीच अर्ज घेऊन आला. पायरीखाली बसूनच मी सही केली. पत्नीने कुंकवात अंगठा बुडवून शेजारी उठवला.