टोक कुठंय?

गारमेंट फॅक्टरीत मशीनवर होते तेव्हा एका नियमाचा मला भयंकर राग यायचा. सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधायचे, कागदावर टेपनं जोडून दाखवायचे. तुकडे जुळून सुई अख्खी भरली तरच नवी मिळायची. रांगत टोकं शोधताना सुपरवायझरला मी मनात काय काय म्हटलंय, ते इथं लिहिता यायचं नाही.

पुढं चामराजपेटेत घरीच शिवायला लागले, पण सवय सुटली नाही. काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. जीन्सची जाड शिवण मारताना सुई ताडकन मोडली आणि उजव्या डोळ्याला काहीतरी चाटून गेलं. दुखलं म्हणाल तर स्वल्प. पाणी मारलं, तुकडे गोळा केले. दोन मिळाले, टोक मिळेना. लोहचुंबक फिरवला, केर चाळला. नाहीच! तेवढ्यात डोळ्यापुढं काळा ठिपका तरंगायला लागला, तशी नवऱ्याला हाक मारली आणि दवाखाना गाठला.

कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, "ओरखडा आहे, थेंब घाला."

"सरी, झालं तर मग, चल घरी," नवरा म्हणाला.

"सरी काय सरी! टोक कुठंय ते आधी सांगा!" मी टेप लावलेला कागद टेबलावर आपटला. नवऱ्यानं कपाळाला हात लावला, पण ऑटो डोळ्यांच्या हॉस्पिटलकडेच वळवली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद नीट पाहिला, स्कॅन करवला. टोक आत होतं, पार मागच्या पडद्याजवळ.

"अक्का, आजच काढू. नजर किती राहील, सांगता येत नाही."

मी लगेच सही केली. म्हटलं, "काढा. आणि टोक मला परत पाहिजे."

डोळा बधिर केला होता, मी जागीच होते. ताटलीत बारीक टिक् झालं तशी मीच विचारलं, "सिक्ता?" मिळालं का म्हणून, कानडीत. सगळे हसले.

पट्टी निघाली तेव्हा त्या डोळ्यात नुसता धुरकट उजेड. मी भोकाड पसरलं. घरी आले तर नवऱ्यानं सुयांची डबी लपवलेली. बरं, म्हटलं. टोक कागदावर चिकटवलं आणि रोज सकाळी चांगला डोळा झाकून तो कागद बघायला लागले. कित्येक आठवडे काही नाही. मग एके दिवशी पांढऱ्यावर एक काळी रेघ दिसली. पुसटच, पण सलग. जोड कुठले ते कळेना.

"अहो, सुई भरली!" मी ओरडले. "आता नवी काढा!"