गाडीत दादाचा रेडिओ वाजेना

नागपूरच्या माणसाला कुठलंही छप्पर घालायचं म्हटलं की पाऊस नंतर आठवतो, आधी ऊन आठवतं. मीही त्यातलाच. वीजकेंद्रातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी एक जुनी पिकअप घेतली आणि तिच्या मागच्या हौद्यावर पत्र्याची छोटी खोली बसवायची ठरवली. दोन माणसं झोपतील, चहा होईल, वाटेल तिथे मुक्काम करता येईल, एवढीच. काम कळमन्याच्या पुढच्या एका बॉडीवाल्याकडे दिलं. प्लायवूड मी स्वतः लकडगंजातून निवडून आणलं. भर मे महिन्यात तो तापलेला पत्रा हाताला चटका देऊ लागला, तेव्हा मला सुचलं की प्लायच्या आतून चंदेरी फॉइल लावावी. एक थर नाही, चांगले दोन. सांधे चंदेरी पट्टीने बंद. खिडकीला डासांसाठी लोखंडी जाळी आणि बाहेरून पत्र्याचं झाकण. बॉडीवाला म्हणाला, "काकाजी, तुम्ही गाडी बनवून राहिले का थर्मास?" मला ती स्तुतीच वाटली.

ही सगळी खटपट दादासाठी होती. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. मौद्याजवळच्या आमच्या गावी मुलगा-सुनेजवळ राहतो. काचबिंदूने त्याची नजर गेली त्याला आता सहा वर्षं झाली. आम्ही दोघांनीही समुद्र पाहिलेला नाही. तरुणपणापासून बोलायचो, एकदा कोकणात जाऊ. दादा धान कापून मोकळा व्हायचा तेव्हा मला सुट्टी मिळायची नाही, आणि मला मिळायची तेव्हा त्याची पेरणी तोंडावर असायची. शेवटी मीच म्हटलं, निवृत्त झालो की जाऊ. मी निवृत्त झालो तोवर त्याचे डोळे गेले होते. याचं मला फार वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं की मी काहीतरी ठोकायला-बांधायला घेतो. हे बायकोचं निरीक्षण आहे आणि ते खरं आहे.

दादा यायला तयार झाला, पण एक अट घालून. "गाडीत माहा रेडिओ वाजला पाह्यजे. नाही वाजला तं मी नाही येत."

हा हट्ट नव्हता. डोळे गेल्यापासून त्याचा दिवस त्या जुन्या, दोन बटणांच्या रेडिओवर चालतो. सकाळची भजनं लागली की उजाडलं, बाजारभाव लागले की जेवण जवळ आलं, दुपारच्या बातम्या झाल्या की डोळ्यांत औषध. मागे एकदा तो आमच्या नागपूरच्या फ्लॅटवर राहायला आला होता. तिथे भिंतीतल्या सळ्यांमुळे म्हणा की शेजाऱ्यांच्या यंत्रांमुळे म्हणा, रेडिओ नुसता खरखरत होता. दुपारी दादा झोपला आणि पाच वाजता उठला. आंघोळ केली, केस विंचरले आणि थेट हॉलमध्ये आला. तिथे माझ्या बायकोच्या भिशीच्या बाया बसल्या होत्या. दादाने विचारलं, "सकायचा चहा झाला काय वं?" बाया हसल्या. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, पण हसल्या. दुसऱ्या दिवशी दादा गावी परतला आणि त्यानंतर कुठेही मुक्कामाला गेला नाही. पुतण्याने त्याला बोलणारं घड्याळ आणून दिलं, तेही त्याने कपाटात टाकलं. "ते वेळ सांगते गा," तो मला म्हणाला. "मले दिवस पाह्यजे." मोबाइलचं तर नावच काढायचं नाही. गुळगुळीत काचेवर त्याच्या बोटाला काही सापडत नाही.

दिवाळीनंतर गाडी तयार झाली आणि मी ती घेऊन गावी गेलो. दादा अंगणात आला तो काखेत फुगलेली कापडी पिशवी घेऊन. मला वाटलं, रेडिओ असेल. त्याने गाडी हाताने पाहिली. पायरी किती उंच, दार कुठून उघडतं, झोपायच्या फळीवर वरची फळी किती खाली येते, सगळं बोटांनी मोजलं. "मस्त केलं गा," म्हणाला. मी फुशारलो. मग आम्ही आत बसलो, मी दार लावलं आणि त्याने रेडिओ सुरू केला.

काही नाही. नुसती सरसर. दादा बाहेर गेला, अंगणात रेडिओ ठणठणीत बोलू लागला. आत आला, मेला. बाहेर, जिवंत. आत, मेला. तिसऱ्या खेपेला मला घाम फुटला, कारण चूक माझ्या ध्यानात आली होती. आयुष्य विजेच्या तारांत काढलेला माणूस मी. चारही बाजूंनी धातूने बंद केलेल्या डब्यात रेडिओची लहर शिरत नाही, हे शाळेतल्या पोरालाही सांगता आलं असतं. एकटा पत्रा असता तर कुठे फटीतून थोडंफार आलंही असतं. मी उन्हाच्या धाकाने एकूणएक फट चंदेरी पट्टीने बुजवली होती.

"राहू दे," दादा म्हणाला. "तू तुह्या बायकोले घेऊन जा."

माझी चूक होती, तरी राग मला त्याचाच आला. "एका रेडिओपायी?" मी म्हटलं. तो पिशवी काखेत घेऊन, भिंतीला हात लावत घरात गेला. परतीच्या वाटेवर मी दहादा स्वतःला शिव्या घातल्या.

पुढचे पंधरा दिवस मी गाडीतच राहायला गेल्यासारखा होतो. पहिल्या दिवशी सगळं प्लाय उचकटून फॉइल फाडायला निघालो होतो. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "फाडा, फाडा. म्हणजे उन्हाळ्यात त्याईले आतच भाजता येईन." मी हातातली पकड खाली ठेवली. मग साधा मार्ग धरला. लहर आत येत नसेल तर तिला तारेवरून आत आणायचं. तांब्याची लांब तार घेतली. एक भाग गाडीबाहेर उंच ताणायचा, दुसरा खोलीच्या तळाजवळ पाडलेल्या भोकातून आत घ्यायचा, तिथे रेडिओच्या पाठीवर सात-आठ वेढे द्यायचे आणि शेवटचं टोक पुन्हा बाहेर काढून जमिनीत ठोकलेल्या सळीला जोडायचं. कॉलनीत करून पाहिलं तर आवाज आला, पण अंग चोरून. शेजारच्या काकू गच्चीवरून ओरडल्या, "कपडे वाळवाले एवढी उंच तार काहून बांधली हो?"

मी पुन्हा गावी गेलो. दादा यायला तयार नव्हता. मी म्हटलं, एकदाच बस. तो आला, काखेत तीच पिशवी आणि हातात रेडिओ. तार अंगणातल्या कडुलिंबावर चढवली, सळी जमिनीत ठोकली, आत टॉर्चच्या उजेडात वेढे दिले. दार लावून आत बसलो. आवाज आला, पण फार लांबून. मी बाहेर येऊन सळीकडे पाहिलं. माती कोरडी ठाक होती. आमच्या खात्यात उन्हाळा लागला की अर्थिंगच्या खड्ड्यात बादली बादली पाणी ओतायचं काम रोजचंच असायचं, नवीन होतो तेव्हा ते मीच करायचो. सुनेकडून बादली घेतली आणि सळीच्या बुडाशी रिकामी केली. आतून दादा ओरडला, "आला! आला गा!"

मी धावत आत गेलो आणि दार लावलं. आवाज खरंच मोठा झाला होता, पण त्याच्यावर एक घरघर चढून बसली होती. शब्द कळत नव्हते. मी वेढे वाढवले, कमी केले, रेडिओ फिरवला, तारेचा सांधा पुन्हा पिळला. घरघर तशीच. दुपारच्या बातम्या जवळ येत होत्या. दादा मान तिरकी करून ऐकत होता. त्याचं तोंड पडत चाललेलं मला दिसत होतं आणि आता हा पुन्हा "राहू दे" म्हणेल अशी भीती वाटत होती.

"तू आत आला न," दादा सावकाश म्हणाला, "दार लावून काय केलं?"

"काही नाही. लाइट लावला."

"तवापासून घरघर सुरू झाली."

छताला मी एलईडीच्या पट्ट्या लावल्या होत्या, आणि त्यांच्या नि बॅटरीच्या मध्ये व्होल्टेज बदलणारी एक डबी. ही असली डबी रेडिओला कशी छळते तेही मला ठाऊक होतं. पण लाइटशिवाय बसायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दादा हसला. "तो लाइट कोणासाठी लावून राहिला गा?"

मी बटण बंद केलं. भर दुपारी त्या खोलीत असा अंधार झाला की मला माझा हात दिसेना. माझ्या फॉइलने आणि खिडकीच्या झाकणाने एक किरणसुद्धा आत सोडला नव्हता. आणि त्या अंधारात रेडिओ स्वच्छ बोलू लागला, कोणी शेजारी बसून बोलावं तसा. मला एकदम गुदमरल्यासारखं झालं. मी उठायला गेलो.

"उठू नको, वर फळी हाय," दादा म्हणाला आणि त्याने माझं मनगट धरलं. नेमकं मनगटच. सहा वर्षं तो कुठे राहतो, हे मला त्या घडीला पहिल्यांदा कळलं. मला रडू आलं आणि अंधार असल्याचं बरं वाटलं.

फळीवर टॉर्च ठेवला होता, तो चाचपताना माझा हात त्याच्या पिशवीत गेला. टॉवेल लागला. घडी घातलेले दोन सदरे, धोतर, औषधाची बाटली, रेडिओचे नवे सेल.

"दादा, त्या दिवशी पिशवीत हेच होतं?"

"हाव. भरूनच आलो होतो."

रेडिओवर वेळ सांगितली आणि बातम्या सुरू झाल्या. दादाने त्या शेवटपर्यंत ऐकल्या, डोळ्यांत औषध घातलं आणि बाटलीचं झाकण लावलं.

"आता निघालो तं उजेडी अमरावती गाठू," तो म्हणाला.

"माझे कपडे घरी आहेत."

"मंग घेऊ न. नागपूर वाटेतच हाय."

मी दार उघडलं आणि कडुलिंबावरची तार सोडवायला गेलो.