डावा कौल

"देवाचं मन न्हाई, बाबा," असं म्हणून तो म्हातारा गुरव धोतराला अंगठे पुसायचा. आधी उजवा, मग डावा. माझी सगळी नजर त्या अंगठ्यांवर असायची. का, ते सांगतो.

मुळशीत आमच्या सिनेमाचं शूटिंग होतं. खून, करणी, अंगात येणं, सगळं ठासून भरलेलं. परवानग्या काढणं माझं काम. भरे गावाच्या पलीकडे मनासारखं देऊळ सापडलं, तर गावकरी म्हणाले, "आमचं काय न्हाई, गुरवाकडनं कौल घ्या." म्हणजे गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं एकेक पाकळी चिकटवणार. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

खुनाच्या सीनला उजवी पडली. झपाटलेल्या बाईला देवापुढे वेतानं झोडपायचा सीन होता, त्याला डावी. दुसऱ्या दिवशी डावी. तिसऱ्या दिवशीही डावी! आता तुम्हीच सांगा, खून चालतो आणि वेत चालत नाही, हा कुठला देव? मी मुळातच संशयी. भाजीवालीनं काकडी गोड आहे म्हटलं तरी चाखून बघणारा. म्हाताऱ्याच्या कौलात कुठंतरी पाणी मुरतंय, अशी माझी खात्री झाली.

मग मी देवळातच ठाण मांडलं. लोक लग्न, बोअर, म्हैस, काय वाट्टेल ते विचारायला यायचे. कौल कधी असा, कधी तसा. पण कुणी एखाद्या बाईला आणून "हिच्या अंगातलं मारून काढू का?" असं विचारलं, की हमखास डावी. "देवाचं मन न्हाई, बाबा. पौडला दवाखान्यात न्या."

ठाण मांडल्याच्या चौथ्या दिवशी म्हातारा सापडला. उजवी पाकळी ओल्या अंगठ्यानं लावली, डावी कोरड्या, म्हणजे तीच आधी गळणार. लोक गेल्यावर मी त्याचा हात धरला. "बाबा, देवाच्या नावानं फसवता?"

तो चिडला नाही. "धाकली भन हुती माजी. झटकं यायचं तिला. बापानं हितंच कौल लावला, उजवा आला. मंग वेतानं... सकाळपतुर न्हाई टिकली." मी हात सोडला. "बापानं खोटं काय केलं न्हाई, सायब. इमानदारीत लावला. तवापासनं हे येक काम मी देवाव सोडत न्हाई."

तो सीन आम्ही घोटावड्याच्या एका गोदामात उरकला. डायरेक्टरला खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही.

गेल्या महिन्यात त्या बाजूला गेलो, तर म्हातारा वारल्याचं कळलं. आता पुतण्या कौल लावतो. त्याच्यापुढे केस सोडलेली एक पोरगी बसली होती, शेजारी तिचा बाप, हातात वेत. मी डोळे फाडून पुतण्याच्या अंगठ्यांकडे बघत होतो. फसव रे बाबा, फसव.

त्यानं दोन्ही अंगठे पाण्यात नीट बुडवले.

मी उठलो. "देवाचं मन न्हाई, बाबा," मी पोरीच्या बापाला म्हणालो. "चला, गाडी बाहेर उभी आहे."