संडासवाले साहेब

पोलिसातला माणूस लग्नात भेटला की लोक त्याच्याभोवती खुर्च्या ओढून बसतात. मी पंचायत समितीत स्वच्छता निरीक्षक. मी किस्सा सुरू केला की लोक म्हणायचे, "आधी जेवण होऊ दे की!" जेवण झालं की म्हणायचे, "आत्ताच जेवलोय!" त्यामुळं वीस वर्षांचे किस्से तसेच साठून राहिलेत. आज तुम्ही नुसत्या चहावर आहात, तेव्हा तुमची सुटका नाही.

सत्तरच्या दशकात पेठ वडगावच्या आजूबाजूची गावं माझ्याकडं होती. काम एकच, लोकांना उघड्यावर बसू द्यायचं नाही. गावात पाऊल टाकलं की कुणीतरी ओरडायचं, "संडासवाले साहेब आले!" आणि निम्मं गाव रानात पळायचं. नेमकं कशाला, ते मी विचारत नसे.

* * *

एका गावात बंडूतात्यांच्या दारात सरकारी मदतीनं पहिला संडास उभा राहिला. जिल्ह्याचे मोठे साहेब जीप घेऊन तपासणीला आले. दार लावलेलं. साहेबांनी कडीला हात घातला, तसे तात्या गोठ्यातनं धावत आले.

"उघडू नका साहेब! आत बसलीया!"

साहेब चटकन चार पावलं मागं सरले. चेहऱ्यावर आनंद मावेना. माझ्या पाठीवर थाप मारली. "वापर सुरू झाला म्हणायचा! कोण, घरातली मंडळी का?"

"न्हाय, कोंबडी," तात्या म्हणाले. "अंड्यावर बसलीया. एकवीस दिवस उठायची न्हाय."

साहेबांनी वहीत शेरा मारला, 'वापर चालू.'

* * *

दुसऱ्या गावात सार्वजनिक संडास झाला. उद्घाटनाला सभापती आले. फीत कापली, नारळ फोडला, दाराला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. तासभर भाषण.

महिन्यानं गेलो, तर फरशी आरशासारखी! मनात म्हटलं, गाव सुधारलं. तेवढ्यात एक म्हातारी आली. तिनं दाराबाहेर चपला काढल्या, हात जोडले आणि तांब्या घेऊन ओढ्याकडं चालायला लागली.

"मावशी, हितं का जात न्हाय?"

"नारळ फोडलेल्या जागंत घाण करू व्हय? पाप लागंल की!"

* * *

आमचे गवंडी इमामभाई, वडगावचे. हात असा सफाईदार की ओळंबा लावायची गरज नाही. एका गावात त्यांनी पाया खणायच्या आधी विचारलं, "बसणाऱ्याचं तोंड कुणीकडं करू?"

झालं! सगळं गाव जमलं. पूर्वेला सूर्य, नको. पश्चिमेला मारुतीचं देऊळ, आणि इमामभाईंची नमाजाची दिशाही तीच. ते म्हणाले, "तिकडं तर मी बी करणार न्हाय." उत्तरेला तोंड करावं, तर समोर विरोधी पार्टीच्या पुढाऱ्याचं घर.

सरपंच खूश झाले. "त्याच्याकडं तोंड कशाला? पाठ करा!"

एक म्हातारा पुटपुटला, "मग तोंड दक्षिणेला येतंय. ती यमाची दिशा."

"येऊ दे की," सरपंच म्हणाले. "यमाला आपल्यात मत न्हाय!"

* * *

ते कोंबडीवाले बंडूतात्या एकदा कोर्टाच्या कामाला कोल्हापूरला आले आणि माझ्याकडं उतरले. मी तेव्हा शिवाजी पेठेत भाड्यानं राहत होतो. बारा बिऱ्हाडांत एक संडास. सकाळी रांगेत मी आठवा, तात्या नववे, दोघांच्या हातात डबडी. आतला माणूस पेपर घेऊन गेलेला. अर्धा तास झाला. तात्यांचा चेहरा पार बदलला होता.

"साहेब, तुमी आमाला ह्येच शिकवाय येता व्हय?"

मी त्यांना माझ्या पुढं उभं केलं.

निघताना मात्र प्रेमानं म्हणाले, "सुगी झाली की आमच्याकडं या. निवांत बसा!"

* * *

एका गावात रस्ता रुंद करताना कडेचा निवडुंग तोडला. त्याच्याच आडोशाला बाया बसायच्या. आता रस्ता ओलांडून लांब उसात जायची पाळी आली. त्यात आक्काची सून पाटात पाय घसरून पडली. सातवा महिना होता. दैव बलवत्तर, दोन्ही जीव वाचले.

आक्का म्हणजे सरपंचांची थोरली चुलती. तिनं ग्रामसभेत बायांसाठी संडास मागितला. सरपंच म्हणाले, "आक्का, बांधायला ना न्हाय. पर गावठाणात जागाच न्हाय." पुरुषांनी माना डोलावल्या. ठराव बारगळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरपंचांची सही घ्यायला चावडीवर गेलो. कट्ट्यावर पंचमंडळी पेपर वाचत होती. तेवढ्यात समोरून आक्का आली. मागं वीसेक बाया, ओळीनं, डोक्यावर पदर. प्रत्येकीच्या हातात भरलेला तांब्या.

येऊन चावडीच्या अंगणात उभ्या राहिल्या. पेपर खाली आले.

"काय गं आक्का?" सरपंचांचा आवाज बारीक झाला होता.

"काय न्हाय बाबा. जागा बघाय आलोय. तुमी वाचा की."

आक्कानं अंगणभर नजर फिरवली. एक कोपरा पायानं साफ केला आणि तांब्या खाली ठेवला.

सरपंच ताडकन उठले आणि माझ्याकडं वळून ओरडले, "साहेब! टेप आणलाय न्हवं?"

चावडीमागं चांगली मोकळी जागा निघाली. दहा मिनिटांत मोजून खुंट्या ठोकल्या. बाया परत निघाल्या. जाताना आक्कानं आपला तांब्या उचलला आणि कट्ट्यावर, सरपंचांच्या पेपरशेजारी ठेवला.

"ऱ्हाऊ दे हितंच," ती म्हणाली. "काम थांबलं, तर परत यावं लागंल."

तिच्या मागनं एकेक करत सगळ्यांनी आपापले तांब्ये कट्ट्यावर मांडले.