दोन पिशव्या आणि अक्कांची पाठ

ऑपरेशन थिएटरमध्ये वीस वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. बाहेर सांगायची चोरी, आणि घरी जेवताना काढले तर नवरा ताट घेऊन उठतो. मी जळगावच्या एका हॉस्पिटलात ओटीची इन्चार्ज सिस्टर. आज फक्त अक्कांचे सांगते.

अक्का धुळ्याकडच्या. कणा वाकून वाकून अशी गत झालेली की चालताना त्यांना स्वतःची पावलंच दिसायची. कणा सरळ करायचं ऑपरेशन सात-आठ तास चालतं, रक्तही खूप जातं. त्यात अक्कांचा रक्तगट दुर्मिळ. जळगाव-धुळं पालथं घातलं तेव्हा दोन पिशव्या मिळाल्या. आमचे मणक्याचे सर म्हणाले, "दोनात बसवायचं. नाहीतर हात लावायचा नाही."

*

अक्कांचं हिमोग्लोबिन कमी, म्हणून आधी लोहाची इंजेक्शनं दिली. ते वाढलं, तारीख ठरली. ॲडमिशनला मी रीतसर विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?"

"नही," अक्का म्हणाल्या.

शेजारी त्यांचे यजमान, नाना, खिशातली गोळी काढून तिचे दोन तुकडे करत बसलेले. नानांची हृदयाची गोळी, रक्त पातळ करणारीच! अर्धी स्वतःला, अर्धी अक्कांना. वर्षभर हेच चाललेलं. मी कपाळाला हात लावला.

नाना शांतपणे म्हणाले, "मी एकलाच खाऊ का? तिनी बी कंबर दुखस."

तारीख पुढे गेली. त्या दिवशी नानांनी माझ्यासमोर अख्खी गोळी गिळली, पण तोंड वाकडं करून.

*

पेशंटला पालथं झोपवलं की पोट मोकळं लटकायला हवं. ते दाबलं गेलं तर पाठीतल्या शिरा फुगतात आणि रक्त जास्त जातं. आदल्या दिवशी हे दाखवायला सर स्वतःच टेबलावर पालथे पडले. उशा बरोबर लावल्या, तरी सरांचं पोट खाली टेकलंच.

आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम वाकून बघत म्हणाल्या, "सर, तुमचं ऑपरेशन आपण पुण्याला पाठवू."

*

ऑपरेशनच्या दिवशी मॅडमनी रक्त कमी जायचं औषध सुरुवातीलाच दिलं. माझं काम रक्त टिपून भिजलेले मॉप, म्हणजे कापडाच्या घड्या, वजनकाट्यावर टाकायचं, कोरड्याचं वजन वजा करायचं आणि किती रक्त गेलं ते मोठ्यानं सांगायचं. पाचव्या तासाला पहिली पिशवी चालू होती आणि आकडा एकदम वर गेला.

सरांचे हात थांबले. "इथेच बंद करू."

म्हणजे अक्का अर्ध्याच सरळ.

मॅडमनी बीपी बघितलं, नाडी बघितली. दोन्ही ठीक; एवढं रक्त गेलं असतं तर बिघडली असती. मग माझ्याकडे वळल्या. "सिस्टर, जखम सलाईननं धुतली, ते मॉप कुठे टाकले?"

त्याच काट्यावर. मीच. पाणी रक्तात मोजलेलं! वीस वर्षांची सर्व्हिस आणि ही घोडचूक. लाजेनं मेले मी. मॅडमनी हिशेब दुरुस्त केला. सरांनी मणक्यात बसवायचा पुढचा स्क्रू मागितला. दुसरी पिशवी रक्तपेढीतून आणावीच लागली नाही.

*

तिसऱ्या दिवशी अक्कांना उभं केलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मॅडम, समोर नाना. अक्का हळूहळू सरळ झाल्या. आधी खिडकीकडे बघितलं, मग नानांच्या तोंडाकडे. बराच वेळ बघत राहिल्या.

"तुम्ही कव्हय इतला म्हतारा व्हयी ग्यात?"